हिंगणीला ताऱ्यांची वाटणी

मी भांडायला गेले होते, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे मी वांग्याच्या भरताचं आणि बोर धरणाचं कौतुक करायला लागले की कुणीतरी म्हणेल, पोरगी सहलीला गेली होती आणि चळवळीचं नाव सांगते.

भांडण असं. एका मोठ्या रेडिओ दुर्बिणीने आकाशाचा बराच भाग पट्टी-पट्टीने धुंडाळला. त्यातून संगणकाने आलेखांचा ढीग काढला. ढिगातला बहुतेक माल कचरा असतो: मोबाईलचे टॉवर, विमानं, कुठेतरी चाललेलं वेल्डिंग. त्या कचऱ्यातून पल्सार निवडायचे. पल्सार म्हणजे मोठा तारा मेल्यावर मागे उरलेला घट्ट गोळा. एका शहरात मावेल एवढा, पण वजनाला सूर्याहून भारी. तो गरागरा फिरतो, आणि शेताची राखण करणारा माणूस बॅटरी गोल फिरवतो तसा त्याचा रेडिओ लहरींचा झोत दर फेरीला आपल्यावरून जातो. ती टिकटिक आलेखात दिसते. पण ती ओळखायला शेवटी माणसाचे डोळे लागतात, आणि ते डोळे फुकट लागतात. ते डोळे म्हणजे आम्ही. शिक्षक, कारकून, दुकानदार, घर सांभाळणाऱ्या बाया, कॉलेजची पोरं.

फुकट काम केलं याची तक्रार नाही. तक्रार याची, की शोध छापायचा मसुदा आला तेव्हा लेखकांमध्ये आमच्यातलं एकही नाव नव्हतं. शेवटच्या पानावर आभार, तेही 'स्वयंसेवक' एवढ्या एका शब्दात. मी सांगली जिल्ह्यातली, कॉलेजपासून चळवळीतली. आमच्याकडे लग्नपत्रिकेत चुलत्याचं नाव राहिलं तर तो जेवायला येत नाही. इथे तर ज्याने तारा शोधला त्याचंच नाव गाळलं होतं.

यंदा थंडीत सगळ्या गटाची, म्हणजे संशोधकांची आणि आमची, बैठक वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणीला ठरली. कोणते पेपर, म्हणजे शोधनिबंध, लिहायचे, कोणी लिहायचे, कुणाचं नाव कुठे, एवढाच विषय. मी पत्रकाचा मसुदा रातोरात केला. मथळा होता: 'डोळे आमचे, नाव तुमचे?' गठ्ठा छापून घेतला आणि गाडीत बसले.

वर्धा आणि दोन सिंद्या

गाडीचा प्रवास सांगत नाही. पुलगावला जाग आली. खिडकीतून फोटो काढायला मोबाईल वर केला तर समोरच्या बाईंनी माझा हात हलकेच खाली केला. म्हणाल्या, "लष्कराचा डेपो हाय ना जवळ. कायले उगाच कटकट." आणि हात खाली केल्याची भरपाई म्हणून एक संत्रं सोलून दिलं. पत्रकाच्या भाषेत याला दडपशाही म्हणतात, पण संत्रं फार गोड होतं.

वर्ध्याला उतरले. बैठकीआधी एक रात्र सिंदीला प्रणाली झाडेच्या घरी राहायचं होतं. प्रणाली आमच्यातलीच. बी.एस्सी. झालेली, दिवसा एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते, आणि संध्याकाळी पल्सार शोधते. तिला एक सापडलाही होता. रिक्षावाल्याला म्हटलं, "सिंदी." त्याने काही न विचारता दहा मिनिटांत सोडलं. मी मनात म्हटलं, विदर्भात अंतरं लांब असतात म्हणतात ते सगळं खोटं. मग झाड्यांचं घर विचारत फिरले. एका आजोबांनी मला झाडे आडनावाची तीन घरं दाखवली, तिन्ही वेगळी. शेवटी प्रणालीला फोन लावला.

"ताई, तुमी कुठं हाय?"

"सिंदीत. पाण्याच्या टाकीजवळ."

"टाकीपाशी तं मी बी हाय. मंग मले काऊन नाई दिसून राह्यल्या?"

वर्ध्याला चिकटून आहे ती सिंदी मेघे. मला हवी होती ती सिंदी रेल्वे, नागपूरच्या वाटेवर, चांगलीच लांब. मी उलट्या पावली स्टेशनवर आले. पुढची पॅसेंजर पकडून खऱ्या सिंदीला पोचले तेव्हा प्रणाली फलाटावर स्कार्फ गुंडाळून उभी होती. मोबाईलवरच्या आवाजावरून मी तिला उंच समजले होते. ती माझ्या खांद्याला लागत होती आणि चालत माझ्या पुढे होती.

सिंदी

सिंदीला हंगामात कापूस रस्त्यावर सापडतो. गाड्यांतून उडालेला, कुंपणाला अडकलेला, कुत्र्याच्या पाठीवर बसलेला. झाड्यांचं शेत भाजीपाल्याचं. वांगी, मेथी, कोबी. प्रणालीच्या आईने मला सांगितलं, "बाई, मांगून जरा सांबार तोडून आणा." मी मागे जाऊन बराच वेळ उभी राहिले. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे कुणीच मला आधी सांगितलं नव्हतं.

आणखी एक. इकडे बाईसुद्धा 'मी जातो, मी करतो' म्हणते. आमच्या चळवळीत भाषेतल्या स्त्री-पुरुष भेदावर दोन शिबिरं झाली. त्या शिबिरांत सिंदीच्या एखाद्या बाईला बोलवायला हवं होतं.

जेवायला सोल्यांची भाजी होती. सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे. वाटून, तिखट घालून, वरून तेलाचा तवंग. आमच्या तांबड्या रश्श्यापुढे टिकणार नाही असं मनात धरून बसले होते. दुसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हा ते मनातून काढून टाकलं.

झाडे काका, म्हणजे प्रणालीचे बाबा, भिंतीला टेकून बसले होते. "इतक्या लांबून तुमी काऊन आल्या?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. व्यवस्थित सांगितलं. श्रम कुणाचे, श्रेय कुणाला, ज्ञानावर मालकी कुणाची. काका ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "तुमी निवडनुकीले उभ्या राहून राह्यल्या का?"

प्रणाली पाण्याचा पेला तोंडाला लावून हसली.

जेवण झाल्यावर तिने लॅपटॉपवर मला तिचा पल्सार दाखवला. पल्सारांना नावं नसतात, आकाशातल्या जागेचा आकडा असतो. ती त्याला 'तो' म्हणत होती. आलेखात एक सरळ उभी रेघ, आणि वर एक टोकदार उंचवटा, दर फेरीला एक.

"ताई, एक गोष्ट सांगतो. तुमी भांडा, मले काही नाई. पन मले नाव पायजे ते शोभेसाठी नाई. दुर्बिणीवाल्या रेखा मॅडमच्या गटात एक जागा निघून राह्यली. प्रोजेक्टची. अर्जात विचारतात, छापलेलं काय हाय. माह्यापाशी छापलेलं कायी नाई. हा एक तारा हाय. हा गेला तं मी जिनिंगमधे कापसाच्या गाठी मोजत बसतो."

मी म्हटलं, "जाणार नाही. मी आहे ना."

तिने लॅपटॉप मिटला. 'मी आहे ना' हे वाक्य पत्रकात चांगलं दिसतं, घरात ऐकताना कसं वाटतं ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

हिंगणी, पहिला दिवस

सकाळी सेलूमार्गे हिंगणी. दोन्ही बाजूंना तूर माणसाच्या डोक्याएवढी, मध्ये हरभऱ्याचे पट्टे, आणि पुढे जंगल अचानक सुरू होतं. एक फलक दिसला: वाघांचा वावर आहे, संध्याकाळनंतर एकट्याने फिरू नये. आमच्याकडे असल्या ठिकाणी 'येथे थुंकू नये' लिहितात.

बैठक एका प्रशिक्षण केंद्राच्या हॉलमध्ये होती. मोबाईलला रेंज नाही. रेखा मॅडम, म्हणजे गटाच्या प्रमुख, दारातच म्हणाल्या, "जागा मुद्दाम निवडली. रेडिओवाल्यांना शांतता लागते. शिवाय कुणी फोनवर बोलायला बाहेर जाणार नाही." साठीच्या असाव्यात. केस कापलेले, अंगावर शाल, आणि टेबलावर शाळेची पितळी घंटा. बोलणारा लांबला की त्या ती घंटा वाजवत. माझ्यावर ती सगळ्यांत जास्त वाजली.

नाश्त्याला तर्री पोहे होते, म्हणजे पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा. आमच्याकडे पोहे हा पाहुण्यांना दाखवायचा पदार्थ आहे; इथे त्याने डोळ्यांतून पाणी काढलं. डोळे पुसत मी पत्रकं वाटली.

रेखा मॅडमनी उभ्या उभ्या वाचलं. पुन्हा वाचलं. "'लूट' हा शब्द दोनदा आलाय. एकदा पुरे. बाकी मुद्दा बरोबर आहे."

मी भांडणाची तयारी करून आले होते. समोरच्याने मुद्दा मान्य केला तर पुढे काय करायचं, हे आम्हाला शिकवलेलं नाही.

"पण माझीही अट आहे," त्या म्हणाल्या. "ज्याचं नाव लेखकांत, त्याने अख्खा पेपर वाचायचा. कळला नाही तर विचारायचं. आणि उद्या चूक निघाली, तर 'मला काय माहीत' म्हणायचं नाही. मान्य असेल त्याने हात वर करा."

हात वर यायला वेळ लागला. काही आलेच नाहीत. एका शिक्षकांनी सरळ सांगितलं, "मॅडम, मला आभारात घ्या, पण नावानिशी." त्यांनी ते बिनदिक्कत सांगितलं आणि मला त्यांचा राग येईना. प्रणालीचा हात सगळ्यांत आधी वर होता.

माझी दुसरी मागणी याद्यांबद्दल होती. संशोधक विद्यार्थ्यांनी शोधलेले पल्सार एका फाइलमध्ये होते. आम्ही शोधलेले दुसऱ्या फाइलमध्ये, आणि तिचं नाव होतं 'यादी ब'. का? कुणीच सांगेना. आदित्य म्हणाला, "सुरुवातीपासून तसंच आहे." आदित्य पुण्याचा, पीएच.डी.चा विद्यार्थी, गळ्यात हेडफोन. मी त्याला म्हटलं, "जातीही सुरुवातीपासूनच आहेत." घंटा वाजली.

पण मॅडमनी मागणी मान्य केली. ठरलं, की सगळे पल्सार एकत्र करायचे. हॉलची मागची भिंत म्हणजे आकाश. प्रत्येक पल्सारची चिठ्ठी करायची आणि आकाशातल्या जागेप्रमाणे भिंतीवर लावायची. चिकटपट्टी कुणी आणली नव्हती. स्वयंपाकघरातून वाटीभर भात आला, आणि आम्ही शितं लावून तारे चिकटवले. मला फार आनंद झाला होता. अ आणि ब एका भिंतीवर, शेजारी शेजारी. मी त्याचा फोटोही काढला.

आदित्य भिंतीपुढे उभा होता, बराच वेळ. मग त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"मॅडम, हे दोन बघा."

दोन चिठ्ठ्या एकमेकींना जवळजवळ चिकटल्या होत्या. एक त्याची, एक प्रणालीची. जागा जराशी वेगळी. फेरीचा काळ वेगळा: प्रणालीच्या ताऱ्याचा बरोबर निम्मा. वाटेतल्या वायूमुळे लहरींना जो उशीर होतो, तो मात्र दोघांचा सारखाच, शेवटच्या आकड्यापर्यंत; म्हणजे अंतरही तेच.

"हा एकच तारा आहे," आदित्य म्हणाला.

हे कसं होतं ते मला त्यानेच नंतर समजावलं. पल्सारला दोन ध्रुवांकडे दोन झोत असतात; बहुधा एकच आपल्यावरून जातो, या ताऱ्याचे दोन्ही जातात. एका फेरीत दोनदा टिक. अंधारात कुणी चालतंय आणि तुम्ही फक्त पावलं ऐकताय असं समजा. प्रत्येक पाऊल मोजलं तर एक काळ येतो. फक्त डावं पाऊल मोजलं तर त्याच्या दुप्पट. डावं-उजवं वेगळं ओळखायचं तर माणूस थोडा लंगडायला हवा. हा तारा अगदी जरासा लंगडत होता. प्रणालीने प्रत्येक पाऊल मोजलं होतं, आदित्यने फक्त डावं. आणि दोघांच्या याद्या वेगळ्या, म्हणून संगणकाने त्या कधी ताडून पाहिल्याच नाहीत.

त्या दोन्ही झोतांवरच आदित्यचा स्वतंत्र पेपर ठरला होता. त्याच्या प्रबंधाचा अर्धा भाग. आणि प्रणालीने कळवल्याची तारीख त्याच्या आधीची होती. पण तिचा काळ चुकलेला होता. मग शोध कुणाचा? हॉलमध्ये एकदम सगळे बोलायला लागले. कुणी म्हणे आधी पाहिलं तो खरा. कुणी म्हणे काळच चुकला तर काय पाहिलं? घंटा वाजत राहिली.

प्रणाली हॉलमध्ये नव्हती. मागे नळावर गेले तर ती आधीच धुतलेली ताटली पुन्हा धूत होती.

"ताई, तुमाले याद्या एक कराले कोनं सांगतलं?"

"अगं, पण हा अन्याय..."

"अन्याय होता तं होता. वेगळ्या यादीत का होईना, माहा तारा तं होता. आता एका यादीत आनला अन् गेला."

मी तिच्या हातातली ताटली घेतली. पत्रकाला मागची बाजू असते, तिथे आम्ही वर्गणीचं आवाहन छापतो. अशा प्रसंगासाठी तिथे काही लिहिलेलं नसतं.

दुपारी सगळे बोर धरणावर गेले. पाणी निळं, पलीकडे सागाचे डोंगर, आणि पाण्यावरून येणारा वारा कान कापणारा. धरणाच्या भिंतीच्या एका टोकाला वनरक्षकाने थांबवलं, "इथून पुढे नाई." आम्ही तिथेच बसून मिरचीची भजी खाल्ली. आदित्य माझ्याशेजारी आला.

मी सरळ विचारलं, "तुम्ही गप्प बसू शकला असता."

"सहा महिन्यांत कुणीतरी काढलंच असतं."

"म्हणजे भीतीने बोललात."

"थोडं भीतीने. थोडं, दिसलं म्हणून." त्याने भजी मोडली. "तुमच्या पत्रकात माणूस नेहमी एकाच कारणाने वागतो का?"

मी म्हटलं, "पत्रक एका पानाचं असतं."

तो हसला. मीही. त्याला मी सकाळपासून मनात ज्या नावाने हाक मारत होते ते नाव इथे लिहीत नाही.

हिंगणी, दुसरा दिवस

सकाळी प्रणाली उन्हात पायरीवर बसली होती. मांडीवर लॅपटॉप, डोक्यावरून स्कार्फ, शेजारी चहाचा गार झालेला कप. तिने तिच्या ताऱ्याची जुनी निरीक्षणं काढली होती आणि दुप्पट काळ धरून पुन्हा मांडली होती. आलेखात दोन उंचवटे उभे होते. एक किंचित बुटका. लंगडणं तिच्याही निरीक्षणांत होतं. पहिल्या दिवसापासून होतं. तिने फक्त ते शोधलं नव्हतं.

ती उठली आणि सरळ आदित्यकडे गेली. "हे पाहा. माह्या तारखा पाहा."

तारखा पाहून आदित्यने रेखा मॅडमना हाक मारली. आता जे झालं ते साध्या शब्दांत असं. पल्सार हळूहळू मंदावत असतो. किती मंदावतो, हे कळलं की त्याचं वय कळतं, ताकद कळते. पण तो मंदावतोय, की आपण त्याची आकाशातली जागा जराशी चुकीची धरलीय, हे पृथ्वीची सूर्याभोवतीची पूर्ण फेरी होईपर्यंत वेगळं करता येत नाही. आदित्यची निरीक्षणं एका वर्षाहून कमी काळाची होती. आणि 'यादी ब'मधला वेगळा तारा म्हणून दुर्बिणीने प्रणालीच्या ताऱ्याकडेही अधूनमधून पाहिलं होतं, आदित्यच्या बऱ्याच आधीपासून. एकाच ताऱ्यावर दोनदा वेळ घालवला होता. मी एरवी यावर दुसरं पत्रक काढलं असतं. पण ती सगळी निरीक्षणं एका माळेत ओवली, आणि वर्ष पूर्ण झालं. मॅडम, आदित्य आणि प्रणाली तिघंही एका लॅपटॉपवर वाकले होते. बिंदू एकामागोमाग एका रेषेवर बसत गेले. दुपारचं जेवण निवलं. कुणी घंटा वाजवली नाही.

जेवणात पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा होता. त्यावर मी लिहिणार होते, पण वाटणी महत्त्वाची आहे.

वाटणीला सगळे गोलात बसले. पहिला पेपर सगळ्या पल्सारांचा, एकाच यादीचा, हे ठरलेलंच होतं. मॅडम म्हणाल्या, "दुसरा, दोन्ही झोतांचा आणि मंदावण्याचा. तो आदित्यने लिहायचा. प्रणाली दुसरी लेखक."

"दुसरी काऊन?" प्रणाली म्हणाली. "पयले तं मी पायला."

"अर्धा काळ धरून," आदित्य म्हणाला.

"अर्धा का होईना. पायला तं मीच ना? तुमी पुरा पायला तेवा माहा अर्धा पाहून झाला होता."

लोक हसले. आदित्यही हसला, पण त्याचे कान लाल झाले. प्रबंधाचं वर्ष होतं त्याचं. हे प्रणालीलाही दिसत होतं.

मॅडमनी हात वर केला. "तिसरा पेपर मी काल रात्री ठरवलाय. छोटा आहे. एक तारा आपण दोनदा कसा मोजला. असे आणखी किती मोजले असतील, ते कसं शोधायचं. सगळ्या जगात ही सर्वेक्षणं चालली आहेत, प्रत्येकाला तो लागेल. पण जो लिहील त्याला पहिल्या पानावर आपली चूक लिहावी लागेल. 'मी काळ निम्मा धरला.' कोण लिहील?"

सगळे आपापल्या वह्यांकडे बघायला लागले. संशोधकांना चूक लिहायची सवय असते असं म्हणतात. मला त्या दिवशी तशी काही दिसली नाही. आम्ही चळवळीतलेही तसलेच. आमच्या कुठल्या पत्रकात 'मागच्या पत्रकात आम्ही चुकलो' असं छापलेलं मला आठवत नाही.

"मी लिवतो," प्रणाली म्हणाली. "पयलं नाव माहं. आदित्यसरांच्या पेपरात मले दुसरी ठेवा, चालते."

"ठीक."

"अजून एक हाय. याद्या दोन होत्या म्हनून हे झालं. ते बी लिवाचं."

मॅडम म्हणाल्या, "येईल ना ते. पद्धतीच्या भागात."

"नाई मॅडम. पयल्या पानावर. माही चूक पयल्या पानावर, तं तुमची बी पयल्या पानावर. एकीले समोर बसवाचं अन् दुसरीले मांगं, असं नोका करू."

मी वही काढलेली होती. मी वही मिटली. एवढं सरळ मला कधीच लिहिता आलेलं नाही, आणि माझा आवाज तिच्यापेक्षा मोठा आहे.

रेखा मॅडमनी शाल सारखी केली. टेबलावरची घंटा जरा बाजूला सरकवली. "यादी मीच वेगळी केली होती," त्या म्हणाल्या. "तेव्हा वाटलं, नवखी माणसं आहेत, चुका करतील, त्यांचं वेगळं तपासू. तपासायला कुणी बसलंच नाही. हो, पहिल्या पानावर लिही."

मग प्रणाली माझ्याकडे वळली. "ताई, मसुदा तुमी वाचजा. कळते का ते सांगजा. पन तुमचं पत्रक त्याच्यात घालाचं नाई."

"एक शब्दही?"

"'लूट' तं बिलकुल नाई."

संध्याकाळी भिंतीवरच्या चिठ्ठ्या उतरवल्या. भाताची शितं वाळून घट्ट झाली होती, केंद्राच्या रखवालदाराने आम्हाला पाण्याची बादली आणि दोन फडकी आणून दिली आणि भिंत साफ होईपर्यंत दारात उभा राहिला. सगळ्या देशातून आलेले पल्सारवाले ओळीने भिंत घासत होते.

पुन्हा सिंदी

परतीची पॅसेंजर सिंदीहून होती. झाडे काका भाजीची गाडी सोडून फलाटावर आले, पिशवीत वांगी आणि सांबार घेऊन. सांगलीपर्यंत सांबार टिकणार नाही असं मी म्हटलं, तर म्हणाले, "पुलगावपर्यंत तं टिकते. तिथं कोनाले देऊन टाकजा."

प्रणाली बाकावर बसली होती. कालपासून तिने पेपरचं पहिलं वाक्य चार-पाच वेळा लिहिलं आणि खोडलं होतं. आता तिने ते मोबाईलवर मला वाचून दाखवलं. इंग्रजीत होतं, छोटं होतं, त्यात एकही विशेषण नव्हतं. मी म्हटलं, कळलं.

"काय लिवलं?" काकांनी विचारलं.

"बाबा, एक तारा आमी दोनदा मोजला, तं तो एकच निंगाला. असं लिवलं."

काकांनी विचार केला. "म्हन्जे तुमचे तारे एकानं कमी झाले."

"हो."

"अन् कमी कोनाचा झाला? त्या पुन्याच्या पोट्ट्याचा का तुहा?"

"दोघायचा मिळून एक झाला."

"मंग कमी झाला तं तू इतकी खूश होऊन काऊन राह्यली?"

प्रणालीने मोबाईल स्कार्फच्या टोकाने पुसला. "कमी कसा झाला, ते मीच लिवून राह्यलो ना बाबा. पयलं नाव माहं हाय."

 काकांनी वांग्याची पिशवी माझ्या हातात दिली, आणि तिला म्हणाले, "मंग लिव. इथं कायले बसली? बाईले गाडीत मी बसवून देतो."

ती उठली, मला म्हणाली, "येजा ताई," आणि फलाटाच्या जिन्याकडे चालू लागली, भरभर, मागे न बघता.